भावाचं पीएम (पोस्टमॉर्टेम) झालंय पण पटत नाहीये, दुसऱ्यांदा पीएम करून मिळतं का? अर्जंट

कृष्णाकाठची_ताई | सोमवार, रात्री ९.४०

कोणी वकील किंवा डॉक्टर असेल तर प्लीज वाचा, उद्या सकाळी आठपर्यंत आम्हाला ठरवायचंय.

माझा धाकटा भाऊ, वय २७. पुण्याकडं एमआयडीसीत क्वालिटीला होता, तिघं मिळून रूम घेऊन राहायचे. शनिवारी रात्री छातीत जळजळतंय आणि डाव्या खांद्यात चमक येतेय म्हणून एक रूमपार्टनर त्याला जवळच्या एका खाजगी हॉस्पिटलात घेऊन गेला, तिथं ॲसिडिटी आहे म्हणाले, एक इंजेक्शन दिलं, गोळ्या लिहून दिल्या आणि तासाभरात सोडलं. साडेअकराला माझ्याशी फोनवर बोलला, "बरं वाटतंय गं आता, झोपतो" म्हणाला. पहाटे पाचला नाईट करून आलेल्या दुसऱ्या पार्टनरनं हाक मारली तर उठेना, अंग गार पडलेलं.

आम्ही गावाहून पोचेपर्यंत रविवारी दुपारी पीएम उरकलं पण होतं. ग्रामीण रुग्णालयात झालं, तिथला शिपाई म्हणाला अर्ध्या-पाऊण तासात झालं. कागदावर मृत्यूच्या कारणापुढं लिहिलंय की मत राखून ठेवलंय, व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले अवयव) राखून ठेवलाय. पोलिसांनी एडीआर (अकस्मात मृत्यूची नोंद) केलाय, म्हणतात रिपोर्ट येईल तेव्हा कळवू, तुम्ही बॉडी घेऊन जावा.

पण मी त्याला बघितलंय. पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत जांभळे-लाल चट्टे होते, नाकातून गुलाबीसर फेस आलेला, कपाळाच्या उजव्या बाजूला खरचटलेलं. त्यातल्या एका पार्टनरकडून त्याचे चाळीस हजार येणं होते हे मला माहितीये. मी कुणावर आळ घेत नाहीये पण डोक्यातून जात नाहीये.

बॉडी अजून तिथंच कोल्ड स्टोरेजमध्ये आहे. वडील काहीच बोलत नाहीत. तात्या (चुलते) म्हणतात एकदा फाडलाय तेवढं बास झालं, पोराला मोकळं करा, गावाकडं सगळे माती कधी आहे म्हणून विचारतायत. एकदा अग्नी दिला की संपलं ना सगळं. म्हणून विचारते, आपल्या ओळखीच्या खाजगी डॉक्टरकडून दुसरं पीएम करून घेता येतं का, परवानगी कोणाची लागते, खर्च किती, बॉडी किती दिवस राहते, आणि पोलीस नाही म्हणाले तर काय करायचं.

—

वकिली_पोटापुरती | सोमवार, रात्री १०.०५

ताई, आधी धीर धरा. मी फौजदारी बाजूला काम करतो, थेट मुद्द्यावर येतो.

खाजगी डॉक्टर आणून पीएम करता येत नाही, हे पहिलं डोक्यातून काढा. एडीआर झालाय म्हणजे बॉडी कायद्याच्या ताब्यात आहे, त्यात कुणाला पाठवायचं हे तपासी अंमलदार, मॅजिस्ट्रेट किंवा कोर्ट ठरवणार. आपल्याकडं "दुसरं पीएम" असं वेगळं कलमच नाही. जुलै २०२४ पासून सीआरपीसीच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या) जागी बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) आलं, त्यात जुन्या १७४ चं झालं १९४ आणि १७६ चं झालं १९६. १९४ मध्ये पोलिसांची अकस्मात मृत्यूची चौकशी येते, १९६ मध्ये मॅजिस्ट्रेट स्वतः चौकशी लावू शकतो. म्हणजे रस्ते तीनच, अंमलदाराने स्वतः मेडिकल कॉलेजला पत्र द्यायचं, नाहीतर प्रांतांकडे (उपविभागीय दंडाधिकारी, म्हणजे मॅजिस्ट्रेटच) अर्ज, नाहीतर हायकोर्टात रिट. हायकोर्ट गरज पडली तर एक-दोन दिवसात ऐकतं, बॉडी पडून आहे म्हटल्यावर मॅटर मेन्शन करून घेता येतं.

आज रात्रीच करायचं ते सांगतो. साध्या कागदावर अर्ज लिहा, दोन प्रती, पोलीस स्टेशनला द्या आणि आपल्याकडच्या प्रतीवर (ओसी) शिक्का आणि आवक नंबर घेतल्याशिवाय तिथून हलू नका. अर्जात इतकंच की मृत्यूचं कारण निश्चित झालेलं नाही, आम्हाला पुन्हा तपासणी हवी आहे, तोवर बॉडी शवागारातच ठेवावी. तीच प्रत प्रांतांना आणि एसपी ऑफिसला मेल करा. आणि उद्या सकाळी बॉडी ताब्यात घेतल्याच्या पावतीवर घाईनं सही करू नका. सही केली म्हणून हक्क जातो असं नाही, पण एकदा बॉडी गावी गेली की मधल्या वेळात काय झालं हा प्रश्न तुमच्या गळ्यात येतो.

एक कटू गोष्ट पण ऐका. "आम्हाला पटत नाही" एवढ्यावर कोर्ट दुसरं पीएम देत नाही. पहिल्यात नेमकं काय राहिलं ते बोट ठेवून दाखवावं लागतं. आणि इंडिपेंडंट म्हणजे तुमच्या पसंतीचा डॉक्टर असं तर नाहीच. २०२२ मध्ये तमिळनाडूत कल्लकुरिचीला शाळेच्या हॉस्टेलमधल्या बारावीच्या मुलीचा मृत्यू झाला, मद्रास हायकोर्टानं दुसरं पीएम लगेच दिलं, व्हिडिओ शूटिंगसकट दिलं, पण पॅनेलवर आमचा डॉक्टर घ्या ही वडिलांची मागणी मान्य केली नाही, ते सुप्रीम कोर्टात गेले तिथंही थांबवून मिळालं नाही. त्यामुळं मागायचं ते असं मागा: दुसऱ्या जिल्ह्यातलं किंवा मोठ्या शहरातलं सरकारी मेडिकल कॉलेज, फॉरेन्सिकचे एमडी झालेले दोन डॉक्टर, इन कॅमेरा म्हणजे व्हिडिओ शूटिंगसकट. हे सहसा नाकारत नाहीत.

—

साधासरळ_माणूस | सोमवार, रात्री १०.२०

माफ करा पण स्पष्ट बोलतो. गेलेला माणूस परत येणार नाही. हल्ली तरुण पोरांना अटॅक येतायत, रोज बातम्या वाचतो. कोर्टकचेऱ्यात घरच्यांचे हाल होतात, आईवडिलांचा विचार करा. नशिबापुढं कुणाचं काही चालत नाही.

—

मिरजेची_नर्स | सोमवार, रात्री १०.२६

अहो साहेब, अटॅक येतायत हे तुम्हाला कुणी सांगितलं, पेपरनं की पीएमनं? तेच तर ती बाई विचारतेय ना. सल्ला नसेल तर गप्प बसायची पण सोय आहे इथं.

ताई, तुमच्या फोनमध्ये त्या चट्ट्यांचे फोटो आहेत का? नसतील तर उद्या सकाळी शवागारात जाऊन पुढून-मागून काढून ठेवा, शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवून, म्हणजे आकार कळतो. अडवलं तर नातेवाईक म्हणून बघायचंय म्हणा आणि आवाज चढवू नका, शवागारातल्या मामांशी नीट बोललं की कामं होतात.

—

फॉरेन्सिकवाला_मास्तर | सोमवार, रात्री ११.१०

मी फॉरेन्सिक मेडिसिनमध्ये एमडी आहे, एका मेडिकल कॉलेजात शिकवतो, रोजचं काम हेच. न बघता निदान करणार नाही, पण तुम्ही जे पाहिलं त्याबद्दल बोलतो कारण नव्वद टक्के नातेवाईक मला हेच दाखवतात.

पाठीवरचे जांभळे चट्टे. हृदय थांबलं की रक्त गुरुत्वाकर्षणानं खालच्या बाजूला साठतं, माणूस उताणा असेल तर पाठीत. त्याला आम्ही स्टेनिंग किंवा लिव्हिडिटी म्हणतो. फोटोत नीट बघा, खांद्याची पाती आणि कुल्ले जिथं गादीला टेकले होते तिथं पांढरट जागा सुटल्या असतील, तर ते जवळजवळ नक्की तेच. मार असेल तर कातडीखाली कापल्यावर रक्त मांसात मुरलेलं दिसतं, पाण्यानं धुतलं तरी जात नाही. गुलाबी फेस म्हणजे फुप्फुसात पाणी भरलं होतं, ते हृदय बंद पडताना होतं, बुडताना होतं, काही विषांत पण होतं, त्यामुळं एकट्या फेसावरून ना इकडं म्हणता येत ना तिकडं. कपाळाचं खरचटणं उचलताना दारात लागूनही होतं. हे सगळं घाबरू नका म्हणून सांगतोय, सोडून द्या म्हणून नाही.

आता दुसऱ्या पीएमची खरी मर्यादा. पहिल्यात अवयव बाहेर काढून कापलेले असतात, रक्त वाहून गेलेलं असतं, पोटातलं अन्न सीएसाठी (केमिकल ॲनालायझरकडच्या विषाच्या तपासणीसाठी) बाटलीत गेलेलं असतं, ते परत मिळत नाही. नातेवाइकांना वाटतं दुसरं म्हणजे नवी कोरी तपासणी, तसं नसतं हो, खाडाखोड केलेल्या वहीत पुन्हा गणित सोडवण्यासारखं असतं. पण काही गोष्टी उलट दुसऱ्यातच मिळतात. पाठ, हात, पाय हे साध्या पीएममध्ये सहसा उघडत नाहीत, दुसऱ्यांदा करणारा लांब छेद घेऊन बघतो, आणि काही मुके मार तर एक-दोन दिवसांनी जास्त उठून दिसतात. मारहाणीची शंका असेल तर त्यासाठी वेळ गेलेली नाही.

तरी मला तुमच्या केसमध्ये मारापेक्षा छाती जास्त महत्त्वाची वाटते. २७ वर्षाचा मुलगा, छातीत जळजळ, डावा खांदा, आणि पाच-सहा तासात मृत्यू. अटॅक येऊन माणूस काही तासात गेला तर हृदयाच्या स्नायूत नुसत्या डोळ्यांना काही म्हणजे काही दिसत नाही. रक्तवाहिन्या दर तीन-चार मिलिमीटरवर आडव्या कापत गेलं तर गुठळी सापडू शकते, आणि हृदयाचे तुकडे फॉर्मालिनमध्ये घालून हिस्टोपॅथॉलॉजीला (सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीला) पाठवावे लागतात. ग्रामीण रुग्णालयात पीएम करणारा बहुतेक एमबीबीएस मेडिकल ऑफिसर असतो, सकाळी ओपीडी, रात्री डिलिव्हरी आणि मधे हे, त्याला मी दोष देणार नाही. तो व्हिसेरा ठेवतो म्हणजे काय ठेवतो तर जठर, आतड्याचा तुकडा, यकृत, मूत्रपिंडं, मिठाच्या संपृक्त पाण्यात, आणि रक्त वेगळं. ते सगळं विषासाठी. सीए रिपोर्ट विष होतं का नव्हतं एवढंच सांगणार. हृदयाबद्दल तो कागद अक्षर बोलणार नाही आणि लोक सहा-सहा महिने त्याची वाट बघत बसतात.

म्हणून उद्या सकाळी पहिलं काम, पीएम करणाऱ्या डॉक्टरना भेटा, भांडू नका, एकच प्रश्न विचारा: हृदय हिस्टोपॅथॉलॉजीला ठेवलंय का? ठेवलं असेल तर दुसरं पीएम न करताही बरंचसं उत्तर मिळेल. ठेवलं नसेल तर ते शिवून परत पोटातच घातलेलं असणार, म्हणजे अजून बॉडीत आहे. मग मात्र अग्नी देऊ नका.

बॉडी किती राहते विचारलंत. शवागारात साधारण चार डिग्रीला ठेवतात, त्यानं कुजणं मंदावतं, थांबत नाही. हैदराबादला २०१९ च्या एन्काउंटरमधल्या चौघांचं दुसरं पीएम तेलंगणा हायकोर्टाच्या आदेशानं एम्सच्या टीमनं केलं ते १७ दिवसांनी, तोवर मृतदेह बरेच खराब झाल्याचं हॉस्पिटलनंच कोर्टात सांगितलं होतं. तुमच्याकडं तीन-चार दिवस चांगले आहेत असं धरा. आणि कुणी एम्बामिंग करून (बॉडी टिकवायला रसायन भरून) गावी न्या म्हणालं तर नको म्हणा, त्या रसायनानं नंतरच्या विषाच्या तपासण्या बिघडतात.

—

कृष्णाकाठची_ताई | सोमवार, रात्री ११.३५

डॉक्टर तुमचं दोनदा वाचलं. फोटो आहेत माझ्याकडं, आत्ता बघितले, खांद्यापाशी पांढरं आहे खरं. कसं सांगू, हे वाचून रडू पण आलं आणि हलकं पण वाटलं. अर्ज लिहितेय. तात्यांना काय सांगू पण?

—

वकिली_पोटापुरती | सोमवार, रात्री ११.४८

मास्तरांनी माझंच काम सोपं केलं. तात्यांना आणि प्रांतांना एकच सांगायचं, की आम्ही खुनाचा आरोप करत नाही, कारण कागदावर नाही आणि कारण सांगू शकणारा अवयव तपासला गेलेला नाही. हे कोर्टात टिकतं. संशयानं भरलेला चार पानी अर्ज टिकत नाही. चाळीस हजाराचं वेगळ्या जबाबात सांगा, ह्या अर्जात घालू नका.

—

सोलापुरी_चादर | मंगळवार, पहाटे ५.५०

आमच्यात पुरतात (लिंगायत), त्यामुळं आमची गोष्ट वेगळी पण सांगतो. मावसभावाचा गाडीवरून पडून मृत्यू म्हणून नोंद झाली, पीएम झालं, डोक्याला मार एवढंच. दोन महिन्यांनी एकानं दारूच्या नादात बोलून दाखवलं की पडला नव्हता, पाडला होता. मग अर्ज, मग मॅजिस्ट्रेटचा आदेश, आणि एका सकाळी तहसीलदार, पोलीस, डॉक्टर, पंच असे सगळे शेतात आले आणि उकरलं. मावशीला आम्ही त्या दिवशी अक्कलकोटला पाठवून दिलं होतं. दोन महिन्यांनी मांस काय राहतं, पण हाडं राहतात, डाव्या हाताची दोन्ही हाडं मोडलेली निघाली आणि पहिल्या रिपोर्टात हाताचा उल्लेखच नव्हता. डॉक्टर म्हणाले डोकं वाचवायला हात वर केला की असं मोडतं. केस अजून चालूच आहे.

उकरायला कायद्यात मुदत नाही असं आम्हाला तेव्हा कळलं. तुमच्यात ती सोय नाही ताई. वास, माश्या, लोकांचं बोलणं सगळं सोसलंय आम्ही, तरी सांगतो, दोन दिवस थांबा.

—

म्हापसेकर | मंगळवार, सकाळी ७.१५

गोंयांत हे आमी बघलंय, मराठीतच लिहितो. फेब्रुवारी २००८, अंजुण्याच्या किनाऱ्यावर १५ वर्षांची ब्रिटिश मुलगी सापडली. पहिल्या पीएमनंतर पोलीस म्हणाले बुडून मेली, विषय संपला. आई मागं हटली नाही, रोज पेपरवाल्यांसमोर उभी, दुसरं पीएम झालं आणि त्यात अंगभर जखमा निघाल्या, मग खुनाचा गुन्हा दाखल झाला, पुढं सीबीआय आली. २०१६ ला खालच्या कोर्टानं दोघांना सोडलं, २०१९ ला हायकोर्टाच्या पणजी खंडपीठानं एकाला १० वर्षं दिली. दुसरं पीएम झालं नसतं तर ती फाईल बुडून मृत्यू म्हणूनच कपाटात गेली असती. पण ११ वर्षं लागली हेही खरं, आणि आईनं केवढं ऐकून घेतलं ते आमी इथं राहून बघितलंय, आपल्याच लोकांनी तिला काय काय नावं ठेवली.

—

लेस्टरहून | मंगळवार, सकाळी ८.०२ (इथं अजून उजाडायचंय)

इकडं इंग्लंडमध्ये कॉरोनरची (मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याची) परवानगी घेऊन घरचे आपल्या खर्चानं स्वतंत्र पॅथॉलॉजिस्ट लावू शकतात, अमेरिकेत तर तीन ते पाच हजार डॉलर घेऊन खाजगी ऑटॉप्सी करणारे आहेत. भारतात तसं नाही हे वकिलांनी सांगितलंच, त्यामुळं नातेवाईक परदेशातून जे सल्ले देतील ते नम्रपणे ऐका आणि सोडून द्या, माझ्यासकट.

—

कृष्णाकाठची_ताई | मंगळवार, दुपारी १.३०

भेटले डॉक्टरना. तरुणच आहेत, माझ्या भावाएवढे असतील. मी विचारल्यावर आधी गप्प बसले मग म्हणाले ताई खरं सांगतो, हृदय उघडून बघितलं, वरवर ठीक वाटलं, हिस्टोला नाही ठेवलं, आत परत ठेवलंय, आमच्याकडं फॉर्मालिनचा डबाच नव्हता त्या दिवशी. आणि स्वतःहून म्हणाले मी तसं लिहून देतो. दिलं पण लिहून, दोन ओळी. पोलीस स्टेशनला काल रात्री शिक्का द्यायला टाळाटाळ करत होते, आज तो कागद दाखवल्यावर साहेबांनी स्वतः फोन लावला. आता प्रांत ऑफिसच्या बाहेर बाकड्यावर बसलेय. तात्या चहा घेऊन आले मघाशी, काही बोलले नाहीत, शेजारी बसलेत.

—

वकिली_पोटापुरती | मंगळवार, दुपारी १.४४

त्या डॉक्टरना माझा नमस्कार सांगा, असं लिहून द्यायला छाती लागते. त्या दोन ओळींच्या पाच झेरॉक्स काढा आणि मूळ प्रत कुणालाही देऊ नका, बघायला सुद्धा.

प्रांतांनी नाही म्हटलं तर लगेच इथं सांगा, उद्या हायकोर्टात ओळखीच्या वकिलांना उभं करतो.

—

फॉरेन्सिकवाला_मास्तर | मंगळवार, दुपारी २.२०

छान झालं. जिथं पाठवतील तिथल्या डॉक्टरांसाठी ही कागदं बरोबर द्या: पहिला पीएम रिपोर्ट, इन्क्वेस्ट (मृतदेहाचा) पंचनामा, पीएमच्या वेळचे फोटो असतील तर ते, तुमचे फोटो, आणि शनिवारच्या हॉस्पिटलचा केसपेपर. पहिल्यानं काय कापलं ते कळल्याशिवाय दुसऱ्याला कळत नाही जखम कुठली आणि सुरी कुठली. आणि एक विनंती करा, प्लीहेचा छोटा तुकडा गोठवून ठेवायला सांगा. काही मुलांचं हृदय सूक्ष्मदर्शकाखाली पण नॉर्मल निघतं कारण बिघाड विजेच्या वायरिंगमध्ये असतो, ब्रुगाडा, लाँग क्यूटी असले आजार. मृत्यूनंतर ते सापडले तर फक्त जनुक तपासणीत सापडतात आणि त्याला चांगला डीएनए लागतो.

—

पेपर_वाचणारा | मंगळवार, दुपारी ३.०५

एक शंका, बॉडी नसेल तर काहीच होत नाही का? सुशांत सिंह राजपूतच्या वेळी तर अंत्यसंस्कार झाल्यावर एम्सनं रिपोर्ट दिला होता.

—

फॉरेन्सिकवाला_मास्तर | मंगळवार, दुपारी ३.३१

तो कागदांवरचा फेरविचार होता. २०२० मध्ये एम्सच्या पॅनेलनं मुंबईच्या कूपर हॉस्पिटलचा पीएम रिपोर्ट, फोटो-व्हिडिओ आणि उरलेला व्हिसेरा बघून मत दिलं, आत्महत्याच म्हणून. पहिलं काम नीट नोंदवलेलं असेल तर असं करता येतं. फोटोच नसतील आणि रिपोर्टात "हृदय: नॉर्मल" एवढाच शब्द असेल तर एम्स काय आणि ब्रह्मदेव काय.

—

कृष्णाकाठची_ताई | शुक्रवार, रात्री १०.१५

उशिरा लिहितेय. प्रांतांनी मंगळवारी संध्याकाळी पत्र दिलं, हायकोर्टाची गरज पडली नाही. बुधवारी पोलीस गाडीतून मेडिकल कॉलेजला नेलं, अँब्युलन्सचे पैसे आम्हीच दिले, बाकी खर्च काही नाही. दोन डॉक्टर होते, शूटिंग केलं, साडेतीन तास लागले. वडील आणि तात्या बाहेर बसून होते. पाठ, हात, पाय सगळं उघडून बघितलं म्हणाले, कुठंही मुका मार नाही, कपाळाचं वरवरचं. मानेत काही नाही. हृदयाचं वजन ५१० ग्रॅम निघालं, पहिल्या रिपोर्टात ३०० लिहिलंय. डाव्या बाजूची भिंत फार जाड आहे म्हणाले, तुकडे हिस्टोला गेलेत, लेखी मत त्यानंतरच. प्लीहा पण ठेवलीय.

त्या पार्टनरनं काल घरी येऊन चाळीस हजार आईच्या पायाशी ठेवले. मी त्याच्याबद्दल काय काय विचार केला होता ते त्याला कधी कळू नये.

माती बुधवारी रात्रीच केली, नदीवर.

—

फॉरेन्सिकवाला_मास्तर | शुक्रवार, रात्री १०.४०

ताई, ५१० म्हणजे खूप आहे, त्या वयाच्या पुरुषाचं तीनशे-साडेतीनशेच्या आसपास असतं. पहिल्या रिपोर्टातलं ३०० हे वजनकाट्याशिवाय लिहिलेलं असणार, असे गोल आकडे आम्ही ओळखतो. हिस्टो येईपर्यंत मी नाव घेणार नाही, पण जाड भिंतीचे काही आजार घराण्यात चालतात. तुमचा, अजून भावंडं असतील तर त्यांचा आणि आईवडिलांचा ईसीजी आणि टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) ह्या आठवड्यात करून घ्या, रिपोर्टची वाट बघू नका. कार्डिओलॉजिस्टला "२७ वर्षाचा भाऊ अचानक गेला, हृदय ५१० ग्रॅम" एवढंच वाक्य सांगा, तो समजेल.

—

मिरजेची_नर्स | शुक्रवार, रात्री १०.५२

मिरजेला आलात तर मला मेसेज करा, इकोच्या लाईनीत उभं राहायला लागणार नाही एवढं मी बघते. जेवताय ना?

—

कृष्णाकाठची_ताई | २३ दिवसांनी

माझा इको नॉर्मल आला. वडिलांचा नाही. त्यांना कधीच काही त्रास नव्हता, शेतात रोज राबतात, आता औषध चालू केलंय आणि पंप उचलायला, पळायला बंदी घातलीय, ऐकत नाहीत तो भाग वेगळा. हिस्टो अजून आलं नाही, सीए पण नाही.

वकीलसाहेब, एक विचारायचं राहिलं. त्या खाजगी हॉस्पिटलात शनिवारी ईसीजी काढला होता का नव्हता हे आम्हाला अजून कोणी सांगत नाही. माझ्याकडं फक्त गोळ्यांची चिठ्ठी आहे. दोनदा जाऊन आले, रेकॉर्ड रूमची चावी असलेला माणूस रजेवर आहे म्हणतात.

—

वकिली_पोटापुरती | २३ दिवसांनी, रात्री

तोंडी जाणं बंद करा. रुग्णाचे कागद मागितल्यापासून ७२ तासांच्या आत द्यायचे असतात, डॉक्टरांच्या २००२ च्या आचारनियमांत तसं आहे, आणि दाखल रुग्णांचे तीन वर्षं जपून ठेवायचे असतात. लेखी अर्ज, रजिस्टर्ड पोस्टानं, पोच पावतीसकट. आई पहिली वारस म्हणून त्यांच्या सहीनं. नेमकं लिहा: केसपेपर, नर्सिंग नोट्स, दिलेल्या इंजेक्शनचं नाव आणि वेळ, ईसीजी काढला असल्यास त्याची पट्टी, काढला नसल्यास तसं लेखी उत्तर. शेवटचं वाक्य विसरू नका.

निष्काळजीपणाची पोलीस तक्रार आत्ताच नको. सुप्रीम कोर्टाच्या जेकब मॅथ्यू खटल्यातल्या २००५ च्या निकालानंतर आधी तज्ज्ञ डॉक्टरांचं मत मागवतात, आणि तुमचं हिस्टो आल्याशिवाय ते मत अर्धवटच येणार. ग्राहक आयोगाला दोन वर्षं मुदत आहे, तिकडं घाई नाही.

अर्जाचा मसुदा उद्या सकाळी पाठवतो, आईंना सही करायला सांगा. आणि पंपाचं तात्यांवर सोपवा.